भूखंड घ्यावा, पण रस्ता पाहून

स्मरणिकेच्या संपादक मंडळाकडून दरवर्षी आमच्याकडे धान्याच्या तेजीमंदीविषयी किंवा मंडीच्या कायद्याविषयी चार शब्दांची मागणी होत असते. यंदा आम्ही आपण होऊनच निराळा विषय मागून घेतला. कारण असे की, गेल्या काही वर्षांत आपल्या सभासदांची नवी पिढी दाल बाजार, दाना ओली, सराफा, नया बाजार ह्या जुन्या वस्त्यांतून बाहेर पडून शहराच्या चहूंकडे निघालेल्या नव्या वसाहतींत भूखंड घेऊ लागली आहे. हरभऱ्याच्या सौद्यात क्विंटलमागे दोन रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारे आपले व्यापारी बंधू भूखंड घेताना मात्र चौरस फुटास काय भाव पडला एवढेच विचारून सही करून मोकळे होतात. भूखंडापर्यंत जाणारा रस्ता किती रुंद आहे, तो कोणाच्या नावावर आहे, आणि भूखंडाची दर्शनी बाजू त्या रस्त्यावर किती फूट येते, हे तीन प्रश्न विचारणारा ग्राहक आम्हांस विरळाच आढळला. आम्ही स्वतःही ते एके काळी विचारले नव्हते. त्याची किंमत काय पडली ते ओघाने सांगूच.

महाराज बाड्यावर सकाळी दुकाने उघडण्यापूर्वी एकदा उभे राहून पाहावे. मध्ये महाराजांचा पुतळा; भोवती गोरखी, टाऊन हॉल, पोस्टाची इमारत, व्हिक्टोरिया मार्केट, स्टेट बँक, शासकीय मुद्रणालय. ह्या इमारतींची शैली एकमेकींशी जुळत नाही, परंतु एक गोष्ट सर्वांत सारखी आहे. प्रत्येकीचा मोहरा चौकावर आहे आणि त्या मोहऱ्यापुढे माणसाला, गाडीला व मिरवणुकीला पुरेल एवढी मोकळी जागा आहे. आता तेथून दोनशे पावले आत, दाना ओलीच्या बाजूस, चालत यावे. घरे तितकीच भक्कम, दगडी कमानी व झरोके तितकेच देखणे. पण दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की एकीस मागे सरावे लागते.

ह्याचे मूळ शहराच्या नावातच आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी फौजेचा तळ दिला; त्या तळाचेच पुढे लष्कर हे शहर झाले. चिटणीसांची गोट, शिंद्यांची छावणी, फाळके बाजार ही नावे आजही तळाचीच आठवण देतात. गोट म्हणजे सरदाराचा मुक्काम. राहुट्यांच्या दोन रांगांमध्ये घोडेस्वार जाईल एवढी वाट ठेवली की तळाचे काम भागत असावे. पुढे राहुट्यांच्या जागी भिंती आल्या आणि वाट होती तेवढीच राहिली. त्या वेळी कोणाची चूक झाली असे आम्ही म्हणत नाही. धान्याचे ट्रक येतील आणि आगीचा बंब बोलवावा लागेल हे फौजेच्या कारकुनाने कसे जाणावे? २०१० साली व्हिक्टोरिया मार्केटला आग लागली. ती इमारत निदान मोकळ्या चौकावर उभी आहे. तशी आग एखाद्या ओळीच्या पोटात, तागाच्या पोत्यांच्या वखारीला लागली असती तर काय झाले असते, हा विचार त्या दिवशी आमच्या मनात आला आणि रात्री झोप लागली नाही.

जुन्या वस्तीत दुसरा प्रश्न वाटण्यांचा. नव्या वसाहतींच्या आधी त्याविषयी लिहितो, कारण भूखंड पाडणे म्हणजे वाटणीच आणि ती आपण घरोघर करीतच आलो आहोत. आमचे वडिलार्जित घर अठरा फूट रुंद व चौऱ्याहत्तर फूट खोल. १९८३ साली वडील व दोन्ही काका वेगळे झाले तेव्हा पंचांपुढे दोन मार्ग होते. घर उभे चिरले तर प्रत्येकास सहा फुटांचा मोहरा येई. सहा फुटांत जिना काढला की दुकानास काही उरत नाही. घर आडवे कापले तर पुढच्या भावाला बाजारावरचा गाळा मिळे आणि मागच्या दोघांना रस्ताच नसे. पंचांनी आडवे कापले व मागच्यांसाठी एका कडेने साडेतीन फुटांचा बोळ ठेवला. बोळ कागदावर लिहिला, परंतु तो कोणाच्या मालकीचा हे लिहिले नाही. पुढे एका चुलतभावाने त्यात पाण्याची टाकी बसविली, दुसऱ्याने जिन्याच्या दोन पायऱ्या उतरविल्या. धाकट्या काकांचे देहावसान झाले तेव्हा तिरडी बोळातून सरळ निघेना. ती तिरपी करून बाहेर काढावी लागली. आजी दारात उभी राहून ते पाहत होती. त्या दिवसानंतर टाकी निघाली, पायऱ्या मात्र अद्याप आहेत.

म्हणून वाटणीस बसणाऱ्या सभासदांस आमची विनंती आहे की, मोहरा लहान असेल तर घर चिरू नये. एका भावाने घर घ्यावे व बाकीच्यांस रोख भरपाई द्यावी. तसे न जमले तर सामाईक वाटेची रुंदी, मालकी व तीत काही बांधू नये ही अट, तिन्ही गोष्टी नोंदणीकृत दस्तात लिहाव्यात. पंचांची तोंडी हमी पंच हयात असेपर्यंतच चालते.

आता नव्या वसाहतींकडे वळू. राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० साली निघाली व १९८३, २००५ आणि २०१६ साली तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. ही संहिता स्वतः कायदा नव्हे. राज्ये आपापल्या नियमांत तिचा आधार घेतात. मध्य प्रदेशात नगर तथा ग्राम निवेश अधिनियम १९७३ सालचा, त्याखालचे भूमी विकास नियम आधी १९८४ चे व नंतर २०१२ चे. दुरुस्त्या होत राहतात म्हणून प्रत्यक्ष व्यवहाराच्या वेळी चालू नियम पाहिलेच पाहिजेत. तथापि मूळ विचार समजावा म्हणून २००५ च्या संहितेतील आकडे देतो. ज्या भूखंडापर्यंत निदान ६ मीटर रुंदीचा सार्वजनिक रस्ता पोहोचत नाही तेथे बांधकामास परवानगी नाही, ही पहिली अट. पुढे रस्ता जितका लांब तितका तो रुंद हवा. ७५ मीटर लांबीपर्यंत ६ मीटर, १५० पर्यंत साडेसात, २५० पर्यंत ९, ४०० पर्यंत १२, १००० मीटरपर्यंत १८ आणि त्याहून लांब असल्यास २४ मीटर. घरे रस्त्याच्या एकाच बाजूस असतील तर रुंदीत एक मीटरची सूट मिळू शकते. ह्यामागचा हिशेब व्यापाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. रस्ता लांबला की त्यावर घरे वाढतात, घरे वाढली की गाड्या वाढतात.

एका टोकास बंद असणाऱ्या रस्त्याविषयीचा नियम आम्हांस विशेष आवडला. असा रस्ता सरळ असावा. तो दीडशे मीटरांहून लांब, कमाल २७५ मीटरपर्यंत, न्यावयाचा तर दीडशे मीटरांवर गाडी वळविण्यास जागा ठेवावी. ही जागा ८१ चौरस मीटरांहून कमी नसावी व तिची कोणतीही बाजू ९ मीटरांहून लहान नसावी. शिवाय बंद टोकाची पातळी सुरुवातीच्या टोकापेक्षा उंच असली पाहिजे. हे शेवटचे वाक्य ज्याने लिहिले त्याने पावसाळ्यात गल्लीच्या टोकाशी साचलेले पाणी डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे. भूखंड पाहावयास उन्हाळ्यात जाऊ नये, श्रावणात जावे, असे आम्ही म्हणतो ते ह्याचसाठी.

दर्शनी रुंदीचे आकडेही त्याच संहितेत आहेत. ओळीच्या घरांचा भूखंड ५० ते १२५ चौरस मीटर असावा व त्याचा मोहरा साडेचार ते आठ मीटर. जोडघरांचा १२५ ते २५० चौरस मीटर व मोहरा आठ ते बारा मीटर. स्वतंत्र घराचा २५० चौरस मीटरांहून मोठा व मोहरा बारा मीटरांहून अधिक. क्षेत्रफळाबरोबर मोहऱ्याचे बंधन घातले नाही तर विकणारा बोळासारखे अरुंद व लांबच लांब तुकडे पाडतो. क्षेत्रफळ भरते, पण घरास हवा येत नाही. येथे एक गंमत सांगावीशी वाटते. वास्तुशास्त्राच्या नावाने पुढे अरुंद व मागे रुंद असा गोमुखी भूखंड राहण्यास शुभ मानतात, आणि पुढे रुंद असा व्याघ्रमुखी दुकानास. श्रद्धेविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. परंतु ज्याचा तोंडाकडचा भाग रस्त्यात गेला आहे असा भूखंड खपत नसला की दलाल त्यास गोमुखी म्हणून चार पैसे जास्त मागतो, हे आम्ही स्वतः ऐकले आहे.

विकणारा रस्ता का चोरतो हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा मुख्य रस्त्यावर ७० फूट रुंद व २४० फूट खोल अशी जमीन आहे. एका कडेने २० फुटांचा रस्ता सोडला तर ५० बाय २४० उरते. त्यात ३० फूट मोहरा व ५० फूट खोलीचे, म्हणजे दीड हजार चौरस फुटांचे, आठ भूखंड बसतात. २४० फूट म्हणजे सुमारे ७३ मीटर, तेव्हा सहा मीटरांचा रस्ता संहितेच्या मापात जेमतेम बसतो. आता रस्ता १० फूटच सोडला तर ६० बाय २४० उरते व २४ बाय ६० चे दहा भूखंड निघतात. प्रत्येक १,४४० चौरस फुटांचा; जाहिरातीत दीड हजारच छापावयाचे. दोन भूखंड जास्त विकले गेले, आणि ते विकले कोणी? दहाही ग्राहकांच्या दारापुढचा रस्ता कापून विकले. मोहराही तीसावरून चोवीसावर आला. १,४४० चौरस फूट म्हणजे सुमारे १३४ चौरस मीटर. एवढ्या भूखंडास मोहरा निदान आठ मीटर, म्हणजे सव्वासव्वीस फूट, हवा. चोवीस फूट त्यातही बसत नाही. ट्रकची रुंदी साडेआठ फुटांपर्यंत असते. वीस फुटांच्या रस्त्यावर दोन ट्रक सांभाळून एकमेकांस वाट देतात. दहा फुटांच्या रस्त्यावर एक ट्रक उभा राहिला की सायकलस्वारासही उतरावे लागते.

आता आमचा अनुभव. १९९७ साली थोरल्या बंधूंनी व आम्ही मिळून शहराच्या बाहेर, एका गावाच्या हद्दीत, वखारीसाठी जागा घेतली. विकणाऱ्याचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. निळ्या नकाशावर आमच्या जागेपुढे ठळक अक्षरांत लिहिले होते, प्रस्तावित रस्ता वीस फूट. दादांनी विचारले, रस्ता कधी होणार? उत्तर मिळाले की वस्ती झाली की होईल. आम्ही समाधान मानले. विक्रीखतातील चतुःसीमा वकिलाच्या कारकुनाने भराभर वाचून दाखविली. पूर्वेस काय लिहिले आहे तिकडे आमचे लक्ष गेले नाही. तेथे रस्ता असा शब्द नव्हताच. तेथे होते, विक्रेत्याची शेष जमीन.

बारा वर्षे काही अडले नाही, कारण शेष जमीन मोकळी होती आणि ट्रक तिच्यावरून येत जात. २००९ साली विक्रेत्याच्या वारसांनी ती विकली. नव्या मालकाने आपल्या हद्दीवर भिंत घातली व पाच फुटांची पाऊलवाट सोडली. तोही आमच्याप्रमाणेच पैसे देऊन आलेला. त्याच्या कागदात आमच्या रस्त्याचा उल्लेख नव्हता. २०११ च्या पावसाळ्यात वखारीत हरभऱ्याची सव्वातीनशे पोती होती आणि भिंतीतून ओल चढू लागली. ट्रक दोनशे फुटांवर उभा करून पोती पाठीवरून न्यावी लागली. आमच्या पेढीवर तीस वर्षे काम केलेला वृद्ध हमाल चिखलात पोत्यासकट पडला. खुब्याचे हाड मोडले. औषधपाण्याचा खर्च आम्ही केला व त्याचा पगारही चालू ठेवला, परंतु तो पुन्हा ओझे उचलू शकला नाही. दुसरी पोती कोणती कोणती भिजली ह्याचा हिशेब दादा त्या संध्याकाळी करीत बसले होते. आम्हीही त्यांच्याजवळच बसलो होतो. रुग्णालयात कोणी गेले नव्हते. ही गोष्ट लिहिताना आजही संकोच वाटतो.

पुढे वकिलांकडे गेलो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आवश्यकतेच्या वाटेचा हक्क आहे. एकाच मालकाची जमीन तुकडे होऊन विकली गेली व एका तुकड्यास दुसऱ्यावरून गेल्यावाचून गत्यंतर नसेल तर तो हक्क मिळतो. आम्हांस आशा वाटली. वकील म्हणाले, हा हक्क गरजेपुरता असतो, सोयीपुरता नव्हे. पाच फुटांची वाट आहे, माणूस आत जातो, तेव्हा ट्रकसाठी वीस फूट मिळतीलच असे मी सांगू शकत नाही. तहसीलदारापुढे भू-राजस्व संहितेच्या कलम १३१ खाली जुन्या वहिवाटीचा अर्ज करता येतो. पण तो आधार मुख्यतः शेताच्या वाटांचा, आणि आमची वहिवाट बारा वर्षांची व परवानगीने चाललेली. शेवटी २०१४ साली शेजाऱ्याकडून पंधरा फुटांची पट्टी विकत घेतली. मूळ जागेच्या दराच्या तिपटीहून अधिक पैसे पडले. एकाच रस्त्याचे पैसे आम्ही दोनदा भरले, एकदा नकाशावरच्या आणि एकदा जमिनीवरच्या.

म्हणून कागद कोणते पाहावेत ते लिहितो. चतुःसीमेत रस्ता हा शब्द व त्याची रुंदी आकड्यात असावी. नगर तथा ग्राम निवेश कार्यालयाने मंजूर केलेला आराखडा विकणाऱ्याच्या हातून न घेता शक्य तर कार्यालयातूनच मिळवावा, कारण निळा नकाशा कोणीही छापू शकतो. जमिनीचे व्यपवर्तन, म्हणजे आपल्या बोलीतले डायव्हर्शन, झाले आहे काय, महापालिकेची विकासाची परवानगी आहे काय, हे पाहावे. ५०० चौरस मीटरांहून मोठ्या जमिनीवरील प्रकल्पास २०१६ च्या रेरा कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीबरोबर मंजूर आराखडाही पाहावयास मिळतो व तो घरबसल्या पाहता येतो, चिरंजीवांस सांगावे. विनापरवाना वसाहत पाडणे हा महापालिका अधिनियमाखाली कैदेचा अपराध आहे. परंतु विकणारा कैदेत गेला तरी रस्ता रुंद होत नाही.

पुष्कळ सभासद म्हणतात, पुढे सरकार नियमित करतेच. हे अर्धसत्य आहे. सांगलीचे आमचे व्याही हळदीचे व्यापारी. त्यांच्याकडे गुंठेवारीचा अनुभव मोठा आहे. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एकराचा चाळिसावा भाग. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकले गेले आणि ते नियमित करण्यासाठी महाराष्ट्राने २००१ साली कायदा केला. त्यात १ जानेवारी २००१ पूर्वीची घरे धरली होती. २०२१ साली ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. आपल्या राज्यातही मे २०२३ मध्ये ३१ डिसेंबर २०२२ पर्यंतच्या वसाहतींविषयी तशीच घोषणा झाली होती. व्याह्यांनी एकदा फिरवून दाखविले. शुल्क भरले, दाखला मिळाला, नळ आला, वीज आली. रस्ता मात्र दहा फुटांचा दहाच फूट, कारण दोन्ही बाजूंस घरे उभी. ती कोण मागे सारणार? दाखल्याने कागद रुंद होतो, एवढेच ते हसून म्हणाले.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. मुंबई इलाख्यात १९१५ सालीच नगररचनेचा कायदा झाला. त्यात अनेकांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करून, रस्ते काढून, प्रत्येकास रस्त्यावर मोहरा असलेला नवा भूखंड परत देण्याची पद्धत आहे. क्षेत्र थोडे घटते, किंमत वाढते. पुण्याजवळ मगरपट्ट्याच्या शेतकरी कुटुंबांनी अलीकडे आपली सुमारे ४०० एकर जमीन तुकड्यांनी न विकता एकत्र ठेवून स्वतःच नगर वसविले. आपले दहा-वीस सभासद वखारींसाठी शेजारी शेजारी जमिनी घेतातच. त्यांनी आधी एकत्र बसून रस्ता आखावा व मग वाटून घ्याव्यात, ही सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे दोनदा मांडली आहे. दोन्ही वेळा चहा होऊन सभा संपली.

एक शब्द धर्माचा. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत हीनाधिकमानोन्मान येतो, म्हणजे देताना माप कमी व घेताना अधिक. आपण तो तराजूपुरता समजतो. आपल्यापैकीही काही जण आता भूखंड पाडून विकू लागले आहेत. वीस फूट छापून चौदा देणे हे ह्याच अतिचारात बसते की नाही, हे आम्ही पर्युषणात एका मुनिमहाराजांस विचारले. ते म्हणाले, पायलीच्या जागी फूटपट्टी आली म्हणून माप बदलत नाही. दुकानाची पायरी रस्त्यात पुढे सारणे हेही त्यांनी त्यातच धरले. तेव्हा आमच्यासह बरेच श्रोते खाली पाहू लागले.

गेल्या दिवाळीत वहीपूजन झाल्यावर धाकट्या चिरंजीवांनी एका नव्या वसाहतीतील भूखंडाचा कागद पुढे ठेवला. बयाणा देऊन झाला होता. आम्ही शंभर फुटी टेप घेऊन त्यांच्याबरोबर गेलो. विकणाऱ्याचा माणूस हसला व म्हणाला, काकाजी, आजकाल टेप कोण आणतो? आराखड्यावर रस्ता तीस फूट होता. आम्ही तीन ठिकाणी मोजला. वेशीपाशी तीस भरला, मधे सव्वीस, आणि भूखंडापुढे तेवीस. पलीकडच्या घराचा ओटा सात फूट पुढे आलेला होता. चिरंजीव काही बोलले नाहीत. टेप त्यांनीच गुंडाळला. बयाण्याचे अकरा हजार रुपये अद्याप परत आलेले नाहीत.